शेळीचे पाय आणि टास्कबार

शाळेत पहिला संगणक आला, तेव्हाची ही गोष्ट. पडद्याच्या तळाशी टास्कबारची पट्टी ऐटीत पसरलेली असे. एकदा मुलांनी पडदाभर शेळीचे चित्र लावले.

"पट्टीताई, जरा सरका ना! माझे पाय तुमच्याखाली गेलेत," शेळी म्हणाली.

"मी लपले आणि सगळे मला विसरले तर?" पट्टी म्हणाली.

माउसचा बाण हसला. "अहो, दिवसातून शंभरदा मी तुमच्याकडेच येतो. खाली जाऊन तर बघा. मी पडद्याच्या खालच्या काठाला टेकलो की वर या."

पट्टी भीतभीत खाली सरकली. शेळीचे चारही खूर दिसले, खुरांखालचे गवतही दिसले. पट्टी मात्र अंधारात कान देऊन बसली.

थोड्याच वेळात बाण काठाला टेकला. ती लगबगीने वर आली.

"ताई, मधली सुट्टी कधी होणार, असं मुलं विचारताहेत," बाण म्हणाला. "घड्याळ तर तुमच्याचकडे आहे!"