छावणीतला उघडा कोपरा

त्या मुलखात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, पण भीती सगळ्यांची एकच होती, त्यामुळे निभत होतं. माळाच्या मधोमध साळिंदरांची छावणी होती. भोवती बाभळीचं कुंपण, आत ओळीनं बराकी, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, आणि मधे परेडचं मैदान. इतकं उघडंबोडकं, की मुंगळा चालला तरी लांबून दिसावा. शत्रू टेकडीपलीकडे आहे, असं साळिंदरं सांगायची. तो कुणी पाहिला नव्हता. टेकडीपलीकडेही बहुधा असंच काहीतरी सांगत असतील.

कुंपणाबाहेरच्यांचं पोट छावणीवर चालायचं. मुनिया कोठारातून सांडलेले दाणे टिपायच्या. मुंगूस साप मारून द्यायचा आणि प्रत्येक सापाचे उपकार पुढचा साप निघेपर्यंत बोलून दाखवायचा. टिटवी पहारा द्यायची. म्हणजे तिच्या मते तो पहारा होता, बाकीच्यांच्या मते रोग. परेडच्या मैदानाच्या कडेला, खड्यांमध्ये ती अंडी घालायची. पान हललं तरी बोंब मारायची. तिच्या जिवावर पहारेकरी साळिंदरं निवांत घोरायची.

तिचं ओरडणं अशुभ, असं सगळा मुलूख मानायचा. तिलाही ते पाठ होतं. "माझा गळा म्हणजे फुटकी परात," असं ती स्वतःच सांगून टाकायची. दुसऱ्यानं म्हणण्याआधी आपणच म्हटलं की कमी लागतं, हे तिला वयानं शिकवलं होतं.

"सकाळीच बोंबललीस, आता दिवसभर काही मिळायचं नाही," मुंगूस करवादायचा.

"काल मी गप्प होते. काल काय हत्ती मारलास?" टिटवी म्हणायची.

यंदा मात्र ती हळवी झाली होती. मागल्या दोन्ही खेपेची अंडी नासली होती. आता पुन्हा चार झाली होती, खड्यांसारखीच करडी, ठिपक्याठिपक्यांची. ह्यानंतर आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तिचं तिला कळत होतं.

आणि नेमकी तेव्हाच छावणी उठली. वरून हुकूम आला, एवढंच साळिंदरांना माहीत होतं. जाताना म्हातारे सुभेदार तिच्यापाशी थांबले.

"बाई, तुमच्यामुळे आयुष्यभर नीट झोप लागली."

"सुभेदार, जागं राहायचं काम तुमचं होतं ना?"

सुभेदारांनी काटे हलवले आणि ते रांगेत जाऊन मिळाले.

रिकाम्या छावणीत मग भारद्वाज आला. तांबूस पंख, लालबुंद डोळे, चाल संथ. त्याचं दर्शन झालं की दिवस चांगला जातो, अशी ख्याती. त्यामुळे तो दिसला रे दिसला की जो तो मान खाली घालून उभा राहायचा. त्यानं सगळ्यांना मैदानात बोलावलं.

"बराकी पाडायच्या नाहीत," तो घुमल्यासारखा बोलला. "खाली गाळे काढू, वर आढ्याला घरटी. इथल्यांनी इथंच विकायचं, इथंच राहायचं. माळावरचा दाणा माळावरच फिरेल. मुलूख वर येईल."

"ह्या मुनियांच्या शेजारी मला गाळा नको," मुंगूस म्हणाला. "दिवसभर किचकिच."

"आणि ह्याच्या नाकाखाली आम्ही अंडी घालायची?" मुनियांमधली थोरली फणकारली. "साप खाणाऱ्याचं तोंड ते, कधी कशाला लागेल सांगता येतं?"

"तुझ्या अंड्यात असतं काय चाटायला?"

भारद्वाजानं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. "मग असं करू. मधे बाग लावू. घाणेरी, करवंद, चांगली दाट. कुणाला कुणाचं तोंड बघायला नको."

ही कल्पना मात्र एकजात सगळ्यांना आवडली. त्या मुलखात एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मला झाडी नको," टिटवी मागून म्हणाली. "झाडीत कोण बसलंय ते दिसत नाही."

"आता कोण बसणार? शत्रूच गेला की," थोरली मुनिया म्हणाली. "टिटवीबाई, तुम्हाला आपलं बोंबलायला निमित्त पाहिजे." सगळे हसले. टिटवीही थोडं हसली. सवय होती.

दुसऱ्या दिवशी भारद्वाज एकटाच तिच्याकडे आला.

"मैदानाचा हा कोपरा आहे तसाच ठेवू," तो म्हणाला. "छावणीची आठवण म्हणून. कडेनं चुन्याचे दगड लावू. आत कुणी पाऊल टाकायचं नाही. तुमची अंडी तुमच्यापाशी."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. तुम्ही ओरडलात की गिऱ्हाईक बिचकतं. तेवढं ओरडायचं नाही."

टिटवीनं पोटाखालच्या चार अंड्यांची ऊब चाचपली. "माझ्या गप्प बसण्याला इतका भाव आहे, हे आधी कळलं असतं," ती म्हणाली, "तर जन्मतःच मुकी झाले असते."

बाजार भरला आणि खरोखरच जोरात चालला. मुनियांनी बियांचे ढीग मांडले, मुंगसानं जडीबुटीचा गाळा थाटला. लांबलांबचे पक्षी येऊन जाऊ लागले. झाडी तर बघता बघता अशी माजली, की समोरची बराक दिसेना. शेजारी एकमेकांना न बघता भांडू लागले, त्यामुळे भांडणं लांबायची.

एका दुपारी थोरल्या मुनियेचं घरटं रिकामं झालं.

टिटवीनं पाहिलं होतं. सगळ्या बाजारात उघड्यावर बसलेली ती एकटीच. घाणेरीतून भारद्वाज खाली उतरला, चुन्याच्या दगडावर त्यानं चोच दोन्हीकडून पुसली आणि पांढऱ्यावर पिवळा ओघळ राहिला. मग त्यानं तिच्याकडे पाहून अदबीनं मान लववली. टिटवीची चोच उघडली. पोटाखाली चार ठिकाणी ऊब होती. चोच मिटली.

थोरली मुनिया धावत आली, पिसं विस्कटलेली. "बाई, तुम्हाला इथून सगळं दिसतं. मुंगूसच होता ना?"

"माझं लक्ष नव्हतं," टिटवी म्हणाली.

टिटवीचं लक्ष नव्हतं, असं त्या मुलखात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण ती इतक्या हळू आवाजात बोलली, की मुनियेला ते खरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत मुंगसाचा गाळा उधळला गेला. पाखरांनी चोची मारून मारून त्याची शेपटी सोलून काढली. लंगडत कुंपणाकडे जाताना तो कोपऱ्यापाशी थांबला.

"पान हललं तरी बोंबलायचीस. मला त्याचा किती राग यायचा," तो म्हणाला. आणखी काहीतरी बोलणार होता, पण मागून कालवा ऐकू आला आणि तो निघून गेला. टिटवीनं मान वळवून एक अंडं उगाचच सारखं केलं.

त्यानंतरही घरटी रिकामी होतच राहिली. प्रत्येक वेळी नवा चोर ठरायचा, आणि तोही सोलला जायचा. भारद्वाज प्रत्येक दाराशी जाऊन सांत्वन करायचा, आणि शेजाऱ्यांची नजर वाईट म्हणून आणखी झाडी लावून द्यायचा. रोज सकाळी आया आपली उरलीसुरली पिल्लं रस्त्याच्या कडेला उभी करायच्या, त्याच्या दर्शनाला. मान खाली, हलायचं नाही.

टिटवीची चारही अंडी फुटली. पिल्लं पहिल्याच दिवशी काटकुळ्या पायांवर धावायला लागली. तिला सुखानं वेड लागायचं बाकी होतं. एक गोष्ट शिकवायची राहिली होती, तिच्या आईनं तिला शिकवलेली: आईची बोंब ऐकली की जिथं असाल तिथं जमिनीला चिकटायचं, खडा व्हायचं. पण बोंब न मारता ते शिकवायचं कसं? तिनं एकदा पुटपुटून पाहिलं, "टिटिव, टिटिव." पिल्लांना गुदगुल्या झाल्या. पिल्लं दगडांच्या कडेला जाऊन पुन्हा बाजार बघत बसली. बघण्यासारखं तिथं पुष्कळ होतं.

एका दुपारी ऊन तापलेलं असताना झाडी हलली. भारद्वाजानं चुन्याच्या दगडावर पाय ठेवला, मग दगड ओलांडून आत.

टिटवी ओरडली. इतक्या दिवसांची साठलेली सगळी बोंब एकदम बाहेर आली. बाजारातल्या घासाघिशी थांबल्या, गाळ्यागाळ्यांतून माना बाहेर आल्या, आणि कोण हा अभद्र आवाज काढतंय म्हणून कपाळांना आठ्या पडल्या.

पिल्लांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. ती दचकून आईकडे बघत राहिली. मग समोरून संथ पावलांनी येणारे ते तांबूस पंख त्यांना दिसले. परेडच्या मैदानाच्या त्या उघड्या कोपऱ्यात, भर उन्हात, चारही पिल्लं लगबगीनं एका ओळीत उभी राहिली आणि त्यांनी माना खाली घातल्या.