दोरा बांधलेला दुधी

पूर्वी विदेहातल्या एका नगरावर पुष्यधर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व सुताच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता आणि त्याचे नाव नागदत्त होते. ज्येष्ठातली एक साधीच सकाळ होती. नागदत्त परसात वांग्यांच्या पानांवर राख भुरभुरत होता. त्याची पत्नी कुमुदा आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती. तिकडचा एक गाडीवान कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, "वहिनी गेल्या, दादा. ताप डोक्यात शिरला."

ओळीतली शेवटची रोपे राहिली होती. नागदत्ताने मुठीतली राख त्यांच्यावर भुरभुरली आणि मग तो तिथेच मातीत बसला.

परस कुमुदेचे होते. उन्हाळा सरत आला की विहीर तळाला जाई आणि गल्लीतली सगळी परसे करपत. हिचे तेवढे हिरवे राही. तांदूळ धुतलेले पाणी, भांडी घासलेले पाणी, सगळे ती आळ्यांत वळवी. नागदत्त बाहेरून येऊन घाईने पाय धुऊ लागला, की आतून हाक येई, "अहो, सावकाश! तुमच्या पायांबरोबर माझ्या काकड्याही न्हातात." मग तो आणखी एक तांब्या ओती आणि दोघे हसत.

दुधीचे बी तिने लग्नात पदराला बांधून आणले होते. दर उन्हाळ्याअखेर मांडवावरचा एक दुधी ती बियाण्यासाठी राखी आणि त्याला लाल दोरा बांधी. वेल वाळेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. यंदा गाडीत बसल्यावरही ती म्हणाली होती, "दोऱ्याचा तेवढा सांभाळा. आईकडचा वेल मेला. आता बी राहिलंय ते एवढंच."

त्या नगरात सुतकाच्या घरी चूल पेटत नसे. शेजारी ताट आणीत. शेजारच्या सोमामावशींनी ते काम सुनेला सांगितले. "आपल्याकडे भाजीचं पानसुद्धा उरलं नाही. त्याच्याच परसातलं काही घे. आणि नीट कर, पाटले. पुन्हा काही बिघडवलंस, तर माहेरी पोचवीन ती कायमची." पाटला दूरच्या गावची होती. माहेरी तिचा एक सावत्र भाऊ तेवढा होता, आणि तो तिला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ताट आणून ठेवले. पहिला घास हातात घेताच नागदत्त थांबला. त्याने दारातून मांडवाकडे पाहिले. लाल दोरा नव्हता. देठ कापलेला होता.

"बी कुठं आहे, मुली?"

"गाईला घातलं, दादा. कोवळंच होतं, पांढरं."

तेवढ्यात ताक घेऊन सोमामावशी आल्या. त्यांनी ताट पाहिले, मांडव पाहिला. "अगं करंटे, दोरा दिसला नाही तुला? का डोळेही माहेरीच ठेवून आलीस?"

पाटला म्हणाली, "दिसला. आमच्याकडे आपल्या माणसासाठी राखलेल्या फळाला दोरा बांधतात. मला वाटलं, वहिनींनी दादांसाठीच राखलाय. ते कालपासून जेवले नाहीत, म्हणून..."

"नागदत्ता, खरं सांग. बियाण्याचा होता ना तो?"

बोधिसत्त्व कोणत्याही जन्मात खोटे बोलत नसे. तो म्हणाला, "होता." पाटलेने डोळे मिटले. त्याला कुमुदेचा गाडीतला चेहरा आठवला, आणि समोरची ही मुलगी दिसली, जिला जायला घर नव्हते.

"पण राखला होता तो कुमुदेनंच," तो म्हणाला, "आणि ही उपाशी माणसासाठी रांधायला गेली. यात पाप कुठलं, मावशी? हिला पाठवू नका. उद्याचं ताटही हिच्याच हातचं येऊ द्या."

मग त्याने तो घास तोंडात घातला. त्याने ताट स्वच्छ केले आणि पाटलेकडे पाहून म्हणाला, "आणखी थोडी भाजी वाढ."

सोमामावशींनी ताकाचे भांडे खाली ठेवले. मग सुनेला म्हणाल्या, "ऐकू आलं ना? वाढ की. आणि चटका बसेल, पदर लाव भांड्याला."

जेतवनाच्या विहारात ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सोमा म्हणजे या विहाराला रोज ताक आणणारी उपासिका. तेव्हाची पाटला म्हणजे मागे बसलेली ती तरुण भिक्षुणी. आणि नागदत्त मीच होतो. आपले हरपलेले असताना दुसऱ्याचे राखणे, ही मैत्रीपारमिता होय."

कुमुदा आज कोण आहे, हे शास्त्यांनी सांगितले नाही. आणि सभेतल्या कोणीही ते विचारले नाही.