शेजाऱ्याचं मडकं

फार जुनी गोष्ट आहे. राजे गडावर राहत आणि गावाचं पाणी मातीच्या रांजणात राही, त्या काळातली. नदीच्या वळणावर कुंभारांचं एक छोटं गाव होतं. चाक ज्याचं त्याचं, पण आवा मात्र गावाचा एकच. सगळ्यांची कच्ची भांडी त्यात एकत्र रचायची आणि एकाच आगीत भाजायची.

या गावाची एक रीत होती. भांडं आव्यात ठेवण्याआधी ते नीट सुकलंय का, हे वाजवून बघायचं; पण आपलं भांडं आपण वाजवायचं नाही, रांगेत मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याने वाजवायचं. आपलं ते सगळ्यांनाच सुकलेलं वाटतं, दुसरं काय! शेजारी ‘सुकलं’ म्हणाला की भांडं आत, ‘ओलं’ म्हणाला की परत सावलीत. कारण ओलं भांडं आगीत फुटतं, आणि फुटताना आजूबाजूच्या चार भांड्यांना घेऊन जातं.

तर त्या गावात सटवाजी नावाचा कुंभार होता. रांजण घडवावा तर त्यानेच. दरसाल देवीच्या जत्रेत वाटसरूंसाठी देवळाच्या पायरीशी एक मोठा रांजण ठेवत. त्याला मानाचा रांजण म्हणत आणि तो घडवणाऱ्याच्या हाती देवीचा पहिला नारळ देत. हा मान वर्षानुवर्षं सटवाजीचा होता. त्याचा जीव त्या नारळात अडकलेला होता म्हणा ना.

अशात एक दिवस लिंबाजी परत आला. हा याच गावचा कुंभार. तरुणपणी दारूच्या नादात त्याने देवीची चांदीची घागर चोरून विकली होती आणि गडावरच्या बंदीखान्यात कित्येक वर्षं दगड फोडले होते. आता केस पांढरे झाले होते आणि डोळे जमिनीवर. तो वेशीबाहेरच बसून राहिला. आत यायची हिंमत होईना.

गावात शब्द चाले तो पुतळाकाकूंचा. आवा लावायच्या त्या, पेटवायच्या त्या आणि उघडायच्याही त्याच. त्या स्वतः वेशीवर गेल्या. लोक कुजबुजले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “राजाने शिक्षा दिली, याने ती भोगली. आता वरून आपली वेगळी कशाला?”

मग काय, कुणी लिंबाजीला पडकी झोपडी शाकारून दिली, कुणी जुनं चाक दिलं, कुणी माती वाहायला म्हातारं गाढव दिलं. देणारे थोडं थोडंच देत होते, पण सटवाजीच्या पोटात दुखायला तेवढं पुरे झालं. ‘मी जन्मात कुणाच्या काडीला हात लावला नाही. मला कुणी गाढव दिलं? गाढव मिळायला आधी चोरी करावी लागते वाटतं!’ असं तो मनात म्हणे आणि मडक्यावर थापी जरा जास्तच जोराने मारी.

आता खरं सांगायचं तर सटवाजीच्या दारात दोन गाढवं होती. पण मत्सराला आपल्या दारातलं दिसत नाही, त्याची नजर दुसऱ्याच्या अंगणात.

सुरुवातीला लिंबाजीच्या हातून नुसती वेडीवाकडी मडकी व्हायची. सटवाजीला ते बघून बरं वाटे. हळूहळू मात्र लिंबाजीच्या हाताला जुनी ओळख पटली आणि जत्रेच्या आधी त्याने एक रांजण घडवला. पाण्याला चाललेल्या बायका तो बघायला थांबल्या. त्यातली एक सहज बोलून गेली, की असा गळा तर सटवाजीच्या रांजणालाही नसतो. सटवाजी मागेच उभा होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तो धड जेवला नाही, आणि बायकोने विचारलं तर भाजी खारट झाली म्हणाला. भाजी चांगली झाली होती.

कच्ची भांडी सुकवायला गावाचा एक मांडव होता आणि त्याची देखरेख सटवाजीकडे होती. लिंबाजी आपला रांजण घेऊन आला, तेव्हा सटवाजीने आपली भांडी ऐसपैस पसरून ठेवली होती. जागा नाही म्हणाला. मग जाता येता प्रत्येकाच्या कानाशी लागला: माणूस वाईट नाही हो, पण सवयीचं काय सांगावं, आपली भांडी आपण सांभाळलेली बरी. लोकांना ते पटलं असं नाही; पण लिंबाजीसाठी आपलं मडकं बाजूला सरकवायला कुणी पुढेही आलं नाही.

लिंबाजीने रांजण झोपडीमागे झाडाखाली ठेवला. तिथे नदीची ओल यायची, पहाटे दव पडायचं. सुकणार कसा?

आवा लावायचा दिवस आला. सगळे आपापली भांडी घेऊन जमले. रांगेत लिंबाजीच्या मागे सटवाजी होता, म्हणजे लिंबाजीचा रांजण वाजवायचा तो सटवाजीने. लिंबाजी त्याच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “दादा, दगड फोडून माझ्या कानाला आता ओलं-सुकं नीट कळत नाही. तुम्ही सांगाल ते खरं. हा रांजण विकला गेला तर माझं बूड इथे टेकेल, नाहीतर मला गाव सोडावं लागेल.”

सटवाजीने रांजणाला कान लावून बोटांनी टिचकी मारली. आवाज बद्द आला. रांजण ओला होता. हे लहान पोरालाही कळलं असतं. ‘ओला आहे’ म्हणावं, तर पुतळाकाकू विचारणार की मांडवात का नाही ठेवला. ‘सुकला’ म्हणावं, तर फुटेल एकदाचा, आणि ही पीडा गावातून जाईल. नवख्यांची भांडी कडेला ठेवतात, आपला रांजण मधोमध असतो. आपलं काय जातंय?

“सुकला,” सटवाजी म्हणाला.

पुतळाकाकूंचा चेहरा खुलला. गावात सर्वांत जास्त कुरकुरणाऱ्या माणसाने लिंबाजीची हमी घेतली, याचा त्यांना कोण आनंद झाला. त्या म्हणाल्या, “मग कडेला कशाला ठेवायचा? सटवाजी, तुझ्या रांजणाला लावून ठेवू या. ज्याने हमी दिली त्याचा शेजार.”

अजूनही वेळ गेली नव्हती. सटवाजी एक शब्द बोलला असता तर सगळं निभावलं असतं. पण तो शब्द बोलायचा म्हणजे आपण खोटं बोललो हे सांगायचं. त्याने मिठाची गुळणी धरली. दोन्ही रांजण मधोमध अंगाला अंग लावून बसले, भोवती साऱ्या गावाची मडकी रचली गेली आणि आवा पेटला.

आग चढू लागली तसा आतून पहिला आवाज आला. लिंबाजीचा रांजण गेला. सटवाजीला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. लगेच दुसरा आवाज आला, मोठा आणि जड. तो कोणाचा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग मडक्यांमागून मडकी फुटत गेली आणि बाहेर उभं असलेलं गाव नुसतं ऐकत राहिलं.

आवा गार झाल्यावर आत खापरांचा ढीग निघाला. लोक लिंबाजीवर धावले. चोर तो चोरच, पांढऱ्या पायाचा, असं म्हणू लागले. लिंबाजीने हात जोडले आणि झोपडीकडे निघाला, गाठोडं बांधायला. बंदीखान्याने त्याला एवढं शिकवलं होतं, की आपल्याकडे बोट वळलं की उठून निघायचं.

सटवाजीला हेच तर हवं होतं. पण ती पाठमोरी आकृती त्याला बघवेना. हा माणूस आपल्याला ‘दादा’ म्हणाला होता, आणि अजूनही त्याने आपलं नाव घेतलेलं नाही. कसं कुणास ठाऊक, सटवाजीच्या तोंडून शब्द निघाले, “त्याला थांबवा. रांजण ओला होता. मला कळलं होतं. मांडवात जागाही होती.”

पुतळाकाकू सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, “याने जागा दिली नाही, आणि तुम्ही तरी कुठे सरकलात?” मग त्यांनीच जाऊन लिंबाजीला हाताला धरून परत आणलं.

त्या साली जत्रेत मानाचा रांजण नव्हता. वाटसरू तहानलेले उतरले आणि नदीवर जाऊन ओंजळीने पाणी प्यायले. देवीचा नारळ कुणाच्याच हाती पडला नाही.

पुढच्या आव्याची तयारी सुरू झाली, तेव्हा सटवाजीची भांडी वाजवायला कुणी तयार होईना, त्याच्या हमीवर कुणाचा विश्वास राहिला नाही, आणि मांडवाची देखरेखही त्याच्याकडे उरली नाही. तो हातात ओलं मडकं घेऊन मांडवाच्या दाराशी ताटकळत राहिला. आत काही जागा नव्हती, आणि खरंच नव्हती. तेव्हा लिंबाजीने आपली दोन मडकी उचलून एकावर एक ठेवली आणि त्याला आत बोलावलं.

सटवाजीचा मत्सर त्या दिवशी संपला का? छे, असा कुठे संपतो. लिंबाजीच्या रांजणाचा गळा बघून त्याला पुढेही खुपत राहिलं. पण ‘जागा नाही’ हे शब्द त्याने पुन्हा कधी उच्चारले नाहीत.

तात्पर्य: शिक्षा भोगून परतलेल्याला गावाने सावली नाकारली, तर तडा त्याच्या एकट्याच्या मडक्याला जात नाही.