अडीचची बाटली

“अडीच काय?” अप्पाजींनी विचारलं.

मन्मथच्या हातातला ड्रॉपर शेवंताबाईच्या डोळ्यावर वीतभर अंतरावर थांबला.

“अडीच म्हणजे... अडीच. बाटलीवर लिहिलंय की, अप्पाजी.”

“वाचलं मी. म्हणून तर विचारतोय. अडीच काय?”

खरं सांगायचं तर मन्मथला रागच आला. लातूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला पोरगा तो. सहा महिन्यांपूर्वी उदगीरकडच्या या डोंगरातल्या मठात आला आणि औषधाच्या खोलीत शिकायला लागला. अप्पाजी मठाचे स्वामी खरे, पण दीक्षा घेण्याआधी ते तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आणि कंपाउंडरनं आपल्याला, बी.एस्सी. झालेल्याला, पंधरा रोगी बघत असताना पहिलीतल्या पोरासारखं विचारावं?

त्यातून आजचा दिवस कुठला! स्वतः बनवलेलं औषध रोग्याच्या डोळ्यात घालायची त्याची ही पहिलीच वेळ.

“लेकरा, घाल की पटकन,” शेवंताबाई म्हणाली. “लई चुरचुरायलंय.”

गावोगाव हिंडून जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावणारी बाई ती. चार वर्षांपूर्वी दगडाची कपची उडाली आणि डावा डोळा गेला. उरलेला उजवा आज लालभडक होऊन गळत होता.

“टक्केवारी, मोलारिटी, मोलॅलिटी, पीपीएम,” मन्मथ म्हणाला. आवाज जरा चढलाच. “सगळी एककं तोंडपाठ आहेत माझी. झोपेतून उठवून विचारा.”

“चांगलं आहे. यातलं बाटलीवर कुठलं आहे?”

बाटलीवर फक्त २.५ होतं. वळणदार, ठसठशीत.

“आकडा बरोबर आहे, अप्पाजी.”

“आकडा चूक आहे असं कुठं म्हणालो मी?”

अप्पाजी शेवंताबाईकडे वळले.

“बाई, भाजीत मूठभर मीठ टाकलं तर खारट होईल का गं?”

“घरची कढई का भंडाऱ्याची?” शेवंताबाई म्हणाली. “ते सांगा की आधी.”

ओसरीवरचे रोगी हसले. मन्मथचे कान तापले. अंगठाही धड न उठवणारी बाई, आणि तिनं आपल्याला शिकवावं!

“ग्राम,” तो तोडून म्हणाला. “लिटरला अडीच ग्राम. झिंक सल्फेट.”

“खात्री आहे?”

“हो.”

“पूर्ण?”

“हो म्हणालो ना, अप्पाजी.”

अप्पाजींनी अंगावरचं उपरणं काढलं, घडी करून उंबऱ्याशी ठेवलं आणि त्यावर डोकं टेकून चक्क आडवे झाले. चष्मा काढून छातीवर ठेवला. दोन बोटांनी उजव्या डोळ्याच्या पापण्या फाकवल्या.

“मग आधी इथं घाल.”

“अप्पाजी...”

“बाईला तो एकच आहे. मला दोन आहेत. घाल.”

मन्मथ गुडघ्यावर बसला. ड्रॉपरच्या टोकाला थेंब लोंबायला लागला आणि खाली अप्पाजींचा म्हातारा, पाणावलेला डोळा त्याच्याकडे न मिटता बघत होता.

लिटरला अडीच ग्राम. बरोबरच आहे. सोमवारी आपणच तोलून...

सोमवार.

सोमवारी त्यानं एक नाही, दोन बाटल्या केल्या होत्या. पहिली डोळ्यात घालायची, लिटरला अडीच ग्रामची. मग दर वेळी तोलत कोण बसणार, म्हणून दुसरी घट्ट करून ठेवली. शंभर मिलिलिटरला अडीच ग्राम, म्हणजे अडीच टक्के. लागेल तेव्हा थोडी घ्यायची आणि दहापट पातळ करायची. हुशारीच केली होती की! दोन्ही तपकिरी बाटल्या सारख्याच, आतलं पाणीही सारखंच नितळ. दोन्हींवर त्यानंच ऐटीत लिहिलं होतं, २.५. आपल्याला कळतंय म्हटल्यावर पुढं आणखी कशाला लिहायचं?

हातातली यातली कुठली?

आतल्या पाण्यावरून ओळखावं तर दोन्ही सारख्याच भरलेल्या होत्या. कपाटात डावीकडची घेतली होती का उजवीकडची? आठवेना. त्यानं बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला. काही म्हणजे काही कळलं नाही. दहापट! शेवंताबाईचा एकुलता एक डोळा, आणि त्यात दहापट घट्ट औषध!

लोंबणारा थेंब आता गळणार, तोच त्यानं दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरला. थेंब तळव्यावर पडला.

“घाल ना,” अप्पाजी म्हणाले. पापण्या त्यांनी अजून सोडल्या नव्हत्या.

“अप्पाजी...”

“काय?”

“मला... मला माहीत नाही.”

हे शब्द त्याच्या तोंडून सहा महिन्यांत कुणी ऐकले नव्हते. पंधरा माणसं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

अप्पाजी उठले. चष्मा लावला. रागावले नाहीत की समजूत घातली नाही. उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं घेतलं, शेवंताबाईची मान धरली आणि तिचा डोळा हळूहळू धुवायला लागले.

“तवर बसते मी,” शेवंताबाई म्हणाली. “तू निवांत कर, लेकरा. जात्याला टाकी लावायची म्हटलं तरी दम धरावा लागतो.”

मन्मथ आत गेला. दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. ड्रॉपर उकळत्या पाण्यातून काढला, तराजू पुसला. अडीच ग्राम तोललं आणि परत एकदा तोललं. आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवलं, मग लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, गाळलं. चिठ्ठीवर लिहिलं: झिंक सल्फेट. एक लिटर द्रावणात अडीच ग्राम. डोळ्यात घालण्यासाठी. खाली तारीख घातली. सगळं तीनदा वाचलं.

बाहेर आल्यावर त्यानं मान मागं टाकली आणि कुणी न सांगता पहिला थेंब स्वतःच्या डोळ्यात घातला. थोडं झोंबलं. तो थांबला. बराच वेळ गेल्यावर झोंबणं कमी झालं, नजर स्वच्छ झाली.

मग तो शेवंताबाईसमोर बसला. तिनं मान वर केली. त्यानं ड्रॉपर पुढं नेला आणि तिथंच थांबवला.

“अप्पाजी, तुम्ही घाला,” तो पुटपुटला. “माझा हात कापतोय.”

अप्पाजींनी त्याच्या हाताकडे पाहिलं...

“कापू दे,” ते म्हणाले. “आता घाल.”