घुबडाला ढेकूळ न मारणारा गेनू

शेवट आत्ताच वळखून दावा बरं. ह्या गोष्टीत तापानं पडलेली एक म्हातारी हाय, एक घुबड हाय आन् एक भित्रा हाय. कुणाचं काय झालं? मनात धरा आन् गप ऐका.

एका गावात एक गेनू ऱ्हायचा. भुईमुगाचं रान, रानातच घर, घरात तो आन् त्याची म्हातारी आई. म्हातारी बांधावर गवत वाढू द्यायची न्हाई. "उंदराला लपाण कशाला?" म्हणायची. सगळी बिळं बुजवायची आन् सकाळी जे उकरलेलं दिसंल तिथंच सापळा लावायची. रानात उभ्या काठ्यांना आडव्या काठ्या बांधल्या होत्या. दिस बुडाला की त्यावर एक घुबड येऊन बसायचं.

"ह्यो आपला राखण्या," म्हातारी म्हणायची.

राखण्या दिसला की गेनू घरात शिरून कडी लावायचा.

एकदा म्हातारी तापानं फणफणली. दिवेलागणीला घुबड काठीवरनं उठलं, थेट घराच्या आढ्यावर बसलं आन् असं चिरकलं, की गेनूच्या हातातली ताटली पडली.

शेजारी कुंपणावरनं म्हणाला, "गेनबा, आढ्यावर घुबड बसलं म्हंजी घरातलं एक माणूस जातंय. तुझ्या घरात हाईत किती?"

"दोघंच."

"मग इचार कर."

गेनूनं ढेकूळ उचललं.

"मार की," शेजारी म्हणाला. "ते ढेकूळ घुबड नदीत नेऊन टाकतंय. पाण्यात ढेकूळ इरघळंल, तसा तू झिजशील."

गेनूनं ढेकूळ अंडं ठेवावं तसं हळूच खाली ठेवलं.

आतनं म्हातारी बोलली, "गेन्या, आढ्यात उंदीर शिरलाय म्हणून आलंय ते. तुला न्यायला तुझ्या अंगावर मांस हाय का? ये, पाणी दे मला."

पण गेनूला आई जाईल ह्याचंच भ्या. दुसऱ्या दिशी त्यानं सगळ्या काठ्या उपटल्या आन् बाजारातनं उंदराचं औषध आणलं.

"इख सगळ्यात शेवटी," म्हातारी कण्हत म्हणाली, "आन् ते बी चालत्या, म्हंजी ताज्या उकरलेल्या बिळातच. मेलेला उंदीर पुरून टाक."

गेनूनं पेरणी केल्यागत मुठीमुठीनं इख फेकलं. उंदीर जागोजाग मरून पडले, तसेच ऱ्हायले. घुबडानं ते खाल्ले. मग एका सकाळी घुबडच झाडाखाली गावलं, पंख पसरून, मान टाकून. ढेकूळ न मारता काम झालं होतं.

"आये, घुबड गेलं, तुझा ताप बी उतरला."

"ताप काढ्यानं उतरला, येड्या. घुबड कशानं गेलं ते बघ."

गेनूनं काय बघितलं न्हाई. आता इख हाय म्हणून बांध साफ करायचं बी सोडलं. गवत गुडघ्याला लागलं. वाचलेल्या उंदरांनी त्यात पिल्लावळ वाढवली. काढणीला येल हिरवेगार आन् खाली नुसती टरफलं. रानातलं संपल्यावर उंदीर घरात आले. आढ्यात खुडबूड, कणगीमागं खुडबूड, म्हातारीच्या वाकळेवरनं पळापळ. गेनू उशाशी काठी घेऊन बसायचा. घुबडाचं एक चिरकणं त्याला सोसलं नव्हतं, आता ही खुडबूड काय थांबंना.

आन् एके दिशी खुडबूड एकदम थांबली.

"गेले बग उंदीर," गेनू म्हणाला.

"का गेले?" म्हातारीचा आवाज बारीक झाला. "गेन्या, हलू नगंस."

तवर गेनूनं शेंगांच्या पोत्यामागं हात घातला होता. भाता फुगवावा तसा फुसकारा आला. उंदरांच्या मागनं घोणस घरात आली होती, ती गेनूच्या पंजाला डसली.

म्हातारीनं त्याला हात हलवू दिला न्हाई. शेजाऱ्यानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. हात मात्र काळा पडला, सडत गेला, आन् शेवटी पंजा कापावा लागला.

आता म्हातारीच रोज त्याला भाकरीचा घास मोडून देते. रानात काठ्या परत उभ्या हाईत. दिवेलागणीला गेनू उंबऱ्यात बसतो आन् चिरकणं ऐकू येतंय का म्हणून कान देतो. काठ्या रिकाम्याच.

तात्पर्य घ्यायचं तर एवढंच: पिकाच्या राखणीला साफ बांध, सापळा आन् पाखरू आधी, इख सगळ्यात शेवटी. भ्यापोटी इखाला पहिलं बोलावलं तर मोल तेच ठरवतंय. गेनूनं उजवा पंजा मोजला.