ठकाईचा उतार

फार फार वर्षं झाली, तुमच्याआमच्या पणज्याही तेव्हा जन्मल्या नव्हत्या. कुसळगावच्या माळावर मेंढक्यांचा एक वाडा उतरायचा. वाडा म्हणजे माडीचा नव्हे बरं का, मेंढरं, घोडी आणि पालं घेऊन फिरणारी माणसं! त्यांत ठकाई नावाची एक बाई होती. तिचं तान्हं लेकरू तापानं गेलं आणि समोरच्या उतारावर तिनं ते आपल्या हातांनी पुरलं. मेंढरांनी तुडवू नये, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून तिनं वर बोरीच्या काटेरी फांद्या अंथरल्या.

उताराच्या पायथ्याला एक झरा होता. सगळ्यांचा जीव त्याच्यावर. पण तो दरसाल बारीक होत चालला. पाऊस पडत नव्हता असं नाही. पण खुरांनी तुडवून उतार पार उघडा आणि टणक झाला होता, त्यामुळे पाणी हातावर तुरी देऊन ओढ्याला पळून जायचं. शेवटी वाड्याचे म्होरके बिरूआप्पा म्हणाले, "पालं उपसा. आता हिकडं फिरून यायचं न्हाई."

ठकाई जागची हलेना. "आप्पा, माझं लेकरू हाय हितं. त्याला एकलं टाकून कशी येऊ?"

"पाण्याबिगर तू तरी कशी ऱ्हाशील, बाय?" आप्पा म्हणाले.

तेवढ्यात एक अवकाळी सर आली. ठकाई धावत सुटली, लेकरू भिजेल म्हणून त्यावर पदर धरायला! हसू नका, आईचं मन असंच असतं. तिथं जाऊन बघते तर उतारभर गढूळ पाणी खळाळत चाललेलं, आणि काट्यांपाशी मात्र ते थबकत होतं. मेंढरांना तिथं तोंड घालता आलं नव्हतं, म्हणून गवत उगवलं होतं, पाला साचला होता, मुंग्यांनी माती भुसभुशीत केली होती. पाणी यायचं, थांबायचं आणि हळूच आत जिरायचं. तिनं बोट खुपसलं, तर ओल पार खोलवर.

"आप्पा!" ती तिथूनच ओरडली. "जमीन पितीया! तिला निवांत पिऊ द्याया पायजे!"

वाडा गेला. ठकाई आणि तिचा नवरा म्हसू मागं राहिले. लांबून पाणी आणायचं आणि दिवसभर काटे अंथरायचे, उताराला आडवे, ओळीमागून ओळ. आपली चार मेंढरंसुद्धा त्यांनी पलीकडच्या माळावर चारली. येणारेजाणारे नाकं मुरडायचे, "काय गं ठके, काट्यांचं पीक काढतीस व्हय?" ती नुसती हसायची. तिच्या हाताला कधी काटा रुतला नाही, असं म्हणतात.

गवत दरसाल वर सरकत गेलं. मग एकदा असा पाऊस कोसळला की आजूबाजूच्या टेकड्या धो धो वाहिल्या, पण ठकाईच्या उतारावरून थेंबही खाली आला नाही. ती जमिनीला कान लावून पडली होती. आतून घटाघट पिण्याचा आवाज येत होता, आणि म्हसूनंही तो ऐकला, असं म्हणतात.

पुढं मोठा दुष्काळ पडला. बिरूआप्पांचा वाडा तहानेनं कासावीस होऊन त्या वाटेनं आला, तर झरा खुळखुळत होता. मेंढरं प्यायली, माणसं प्यायली. म्हाताऱ्या आप्पांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि ते लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून पावसाळाभर त्या उतारावर मेंढरू चढवायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं.

ठकाई थकली, अंथरुणाला खिळली, तेव्हा आप्पांच्या सुनेनं तिला विचारलं, "आत्या, लेकराचं नाव काय हुतं?"

"ठेवायचं ऱ्हाऊन गेलं गं," ठकाई म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

आजही कुसळगावात कुणाचं बारसं असलं की आई बाळाला घेऊन आधी उतारावर जाते. झऱ्याचं ओंजळभर पाणी मातीवर सोडते. ते जिरेपर्यंत कुणी बोलत नाही. तेवढा वेळ ठकाईच्या लेकराचा. मग आई वाकून आपल्या बाळाच्या कानात त्याचं नाव सांगते.