पैलवानाचे कान

एका गावात एक फ्लेक्सवाला होता. त्याचं नाव महिपती. कुणाचं बारसं असो, वाढदिवस असो की सरपंचाची निवड, वेशीवर झळकणारा फलक त्याच्याच दुकानातला असायचा. फोटो संगणकावर घ्यायचे, चेहरे उजळायचे, डोक्यावर फेटे चढवायचे, खाली शुभेच्छुकांची रांग लावायची आणि सगळं छापायला तालुक्याला पाठवायचं, हे त्याचं काम. कामात तो वाकबगार होता, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. "माझा डोळा कधी चुकत नाही," असं तो दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवायचाच.

त्या वर्षी त्यानं जुना चौकोनी मॉनिटर काढून नवा, चांगला लांबरुंद मॉनिटर आणला. बसवून देणारा म्हणाला, "दादा, संगणकात सेटिंग जुन्याच पडद्याचं आहे. तेवढं बदलून देतो." पण महिपतीला नव्या पडद्यापुढं बसायची घाई झाली होती. "राहू द्या," तो म्हणाला, "माझा डोळा आहे ना." त्या माणसानं पिशवी उचलली आणि तो गेला.

आता झालं असं, की जुन्या मापाचं चित्र नव्या पडद्यावर आडवं ताणलं जाऊ लागलं. जो तो पडद्यावर सुटलेला दिसायचा. शिवाय रंगांचं सेटिंगही जुनंच, थोडक्या छटांचं. त्यामुळे गालावरचा उजेड सावलीत हळूच मिसळायच्या ऐवजी तिथं पट्टे आणि डाग उमटायचे. महिपतीला वाटलं, गाव हल्ली फार खायला लागलंय आणि फोटोही वाईट काढायला लागलंय. तो मनाचा चांगला. त्यानं एकेकाला दोन्ही बाजूंनी दाबून सडपातळ केलं आणि डाग दिसला की पुसून गुळगुळीत केला. पडद्यावर माणसं झकास दिसू लागली. छापून यायची ती मात्र शेवग्याच्या शेंगा होऊन. सरपंचांचा फलक लागला त्या दिवशी त्यांच्या बायकोनं काळजीनं त्यांच्या भातावर दुप्पट तूप वाढलं. महिपतीनं छापखान्याला फोन करून यंत्र दुरुस्त करायला सांगितलं. छापखानेवाला म्हणाला, "तुम्ही पाठवता तसंच आम्ही छापतो." महिपतीनं फोन आपटला.

अशात गावच्या हिंदुराव पैलवानानं मोठं मैदान मारलं आणि चांदीची गदा जिंकली. गावानं त्याची मिरवणूक काढायचं ठरवलं. त्याची आई गौराक्का हिनं एकटीनं म्हशी राखून, स्वतः कोरा चहा पिऊन, पोराला दुधावर वाढवलं होतं. तिची एकच इच्छा होती. पोरगं गावात शिरताना वेशीवर त्याचा मोठा फोटो असावा, आणि तो तिनं डोळे भरून पाहावा.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी फलक लागला. गौराक्का पदर सावरत आली आणि फलकापुढं उभी राहिली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "ह्यो कोण?"

माणसं गालात हसली. महिपतीला ते लागलं. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "अक्का, तुमचं डोळं तपासून घ्या आधी. पोटचं पोर वळखंना व्हय?"

गौराक्का खाली मान घालून घरी गेली.

हिंदुराव त्याच दुपारी आईला भेटायला म्हणून गुपचूप घरी आला. आई चुलीतल्या निखाऱ्यांकडं बघत बसलेली. काय झालं ते त्यानं काढून घेतलं, गदा खांद्यावर टाकली, वेशीवरचा फलक बघितला आणि तो थेट महिपतीच्या दुकानात गेला. त्याला दारात बघून महिपती खुर्चीसकट मागं सरकला. पण हिंदुराव शांतपणे स्टुलावर बसला.

"महिपतीकाका, माझं कान कुठं गेलं?"

पैलवानाचे कान मोडलेले असतात. मातीत घासून, रगडून ते सुजतात आणि कायमचे घट्ट होतात. कान मोडल्याशिवाय तालमीत कुणी कुणाला पैलवान म्हणत नाही. महिपतीनं ते डाग समजून छान सपाट केले होते.

"मातीत डोकं घासून कमावल्यात ते," हिंदुराव म्हणाला, "आन तुम्ही बसल्या जागी बरं केलंसा."

"अरे, मूळ फोटोच तसा आलाय. हे बघ." महिपतीनं हात न लावलेला फोटो पडद्यावर उघडला. फोटोत हिंदुराव पिंपाएवढा रुंद, कानांच्या जागी तपकिरी ठिगळं आणि खांद्यावर गदा. गदेचा गोळा भोपळ्यासारखा चपटा.

हिंदुरावानं खांद्यावरची गदा काढली आणि पडद्याला टेकवून उभी धरली. तिचा गोळा चेंडूसारखा गोल होता.

"काका, मी खाऊन सुटलो आसंन. पर गदा कुठं जेवती?"

महिपतीनं पडद्यावरच्या गदेकडं बघितलं, खऱ्या गदेकडं बघितलं. मग त्याला मॉनिटर बसवणाऱ्याचं बोलणं आठवलं आणि कानशिलं तापली. फोटो काढणारे, छापखानेवाला, सरपंचांचं जेवण, गौराक्काचे डोळे, सगळ्यांना त्यानं नावं ठेवली होती. आपण ज्यातून बघतो तो पडदा तेवढा तपासला नव्हता.

त्यानं डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. नव्या पडद्यासाठी कुठलं माप योग्य, ते तिथंच लिहिलेलं होतं. त्यानं ते निवडलं. पडदा एकदम काळा झाला, आणि मग 'हा बदल ठेवायचा का?' असा प्रश्न उमटला. तो विचार करत बसला तोवर पडदा आपोआप जुन्या मापावर गेला.

"आता तरी व्हय म्हणा, काका," हिंदुराव म्हणाला.

दुसऱ्यांदा महिपती हो म्हणाला. मग रंगांच्या छटाही वाढवल्या. पडद्यावरचा भोपळा गोल झाला. पिंपाचा पैलवान झाला. ठिगळं गेली आणि त्या जागी दोन मोडके, घट्ट, देखणे कान दिसू लागले. महिपतीला इतका आनंद झाला की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. मग त्यानं सरपंचांचा जुना फलक उघडला आणि ती शेवग्याची शेंग बघून दोघं पोट धरून हसले.

महिपतीनं लगेच नवा फलक करून तालुक्याला पाठवला. छापखानेवाल्याची फोनवर माफी मागितली आणि दिवस मावळायच्या आत स्वतः जाऊन फलक घेऊन आला.

सकाळी हलगी कडाडली, गुलाल उडाला, सगळा गाव वेशीवर जमला. गौराक्का आली. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला. हात पुरेना म्हणून टाचा उंचावून तिनं फलकावरच्या कानांना बोटं लावली आणि आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली.

महिपती पुढं झाला. आदल्या दिवशी सगळ्यांच्या देखत बोलला होता, म्हणून सगळ्यांच्या देखतच तो तिच्या पाया पडला. "अक्का, चुकलो. आता दिसतंय का नीट?"

गौराक्का हसली. "मला कालबी नीटच दिसत हुतं रं लेकरा. तू तुझं सांग. तुला कवापासनं दिसाय लागलं?"

सगळी वेस हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं महिपती हसला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या नजरेत खोट काढण्याआधी, आपण ज्यातून बघतो ते नीट आहे का हे पाहावं. आणि चूक आपलीच निघाली तर ती हसतमुखानं कबूल करावी.